‘६०० मागितली, ४०० गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. पक्ष्यांसाठी ६०० एमएमची लेन्स मागितली, नौपाड्याच्या दुकानात आम्ही १००-४०० एमएमची झूम लेन्स गळ्यात मारली आणि फ्लेमिंगो धूसर आले, अशी तुमची तक्रार आहे. सल्ला आमचाच होता आणि आजही आम्ही तोच देऊ. कारण इथेच लिहितो, म्हणजे हाच प्रश्न पडलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

तुमचा तिसरा फोटो बघा. फ्लेमिंगोंच्या पायांच्या कडा नागमोडी झाल्यात, पाण्याची रेषाही फाटल्यासारखी दिसते. आता चौथा, काठाजवळच्या बगळ्याचा. त्याच्या मानेवरचं पीस न् पीस सुटं दिसतंय. लेन्स तीच, कॅमेऱ्याची बॉडी तीच. लेन्समध्ये दोष असता तर बगळाही धूसर आला असता. सावल्या पक्ष्यांच्या पायाशी गोळा झाल्यात, म्हणजे ऊन डोक्यावर होतं. ओहोटीने चिखल लांबपर्यंत उघडा पडलाय आणि तो तापला की त्यावरची हवा हलायला लागते. ६०० ने पक्षी दीडपट मोठा झाला असता, पण ही थरथरही तेवढीच वाढली असती.

अंतर निम्मं झालं की मात्र पक्षी दुप्पट मोठा येतो, आणि ते काम भरती करते. ठाणे खाडीत पाणी चढलं की फ्लेमिंगो जिथे खातात तो चिखल बुडतो आणि थवे नेरूळच्या पाणथळींकडे सरकतात. डीपीएस शाळेजवळच्या तलावात पाणी खेळतं असेल तर तिथे, नाहीतर एनआरआय कॉम्प्लेक्स या वसाहतीजवळ. सकाळची भरती असेल असा दिवस निवडा. नवी मुंबईच्या काठावरून खाडीकडे पाहताना तेव्हा सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे गुलाबी रंग खुलून येतो.

आता ४०० च का? तुमची बॉडी कॅननची आर१०, तिचा सेन्सर लहान, क्रॉप १.६. म्हणजे ४०० वर फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ६४० इतकी फ्रेम मिळते. तुम्ही येऊरच्या जंगलात पायी फिरतो म्हणालात, डोंगररांगांचे फोटोही हवे होते. ही लेन्स ६३५ ग्रॅमची आहे. १५०-६०० घेतली असती तर जवळपास दोन किलो, वर ती या बॉडीला जोडायला अ‍ॅडॉप्टर. शिवाय तिची सुरुवातच या बॉडीवर २४० सारखी होते, डोंगरांसाठी ती फार अरुंद. पावसाची सर ओसरल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा १०० ते २०० मध्ये एफ-८ वर एकामागून एक रांगा टिपून बघा.

येऊरच्या दाट झाडीत मात्र ४०० ला ही लेन्स एफ-८ पेक्षा जास्त उघडत नाही आणि प्रकाश कमी पडतो, हे तेव्हाही सांगितलं होतं. तिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० च्या खाली आणू नका.

हूड (लेन्सच्या तोंडाशी लावायचं, बाजूचं ऊन अडवणारं आवरण) मिळालं नाही, याबद्दल: या लेन्सच्या बॉक्समध्ये ते येत नाही, कंपनीच वेगळं विकते.

डोंगर सोडून फक्त पक्षीच काढायचे ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा १५०-६०० मीही सुचवेन. आमच्याकडची डेमो लेन्स एका सकाळसाठी घेऊन जा, भाडं नको. दोन्ही लेन्सवर एकाच जागेवरून फोटो काढा. त्यानंतरही ६०० च हवी असेल तर तुमची लेन्स परत घेऊन फरकाच्या रकमेत बदलून देऊ. येताना बॉडी आणि मूळ रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल्स घेऊन या, मोठ्या स्क्रीनवर बसून पाहू.

— दुकानाचे मालक