हैदराबाद गॅझेटवर बंजारा समाजाला थेट एसटीचा दाखला का मिळत नाही

हैदराबाद गॅझेट म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या जुन्या सरकारी नोंदी. त्यावरून मराठवाड्यातल्या तांड्यांवर सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: 'हैदराबाद गॅझेटमध्ये बंजारा ही जमात म्हणून नोंद आहे. निजामाच्या काळात आपण एसटीच होतो, तेलंगणातले भाऊबंद आजही आहेत. सरकारने गॅझेट मान्य केलंय. तहसीलदाराकडे एसटीचा दाखला मागा, नाही दिला तर कोर्टात जा.' समाजाची मागणी न्याय्य असू शकते आणि तिच्यामागची तगमग खरी आहे. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने पोराबाळांचं नुकसान होईल.

सरकारने गॅझेट मान्य केलं ते मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी काढलेल्या जीआरने (शासन निर्णयाने). आधी त्या जीआरचं बघू. २ सप्टेंबर २०२५ च्या जीआरने कुठलीही यादी बदललेली नाही. कुणबी हे नाव राज्याच्या ओबीसी यादीत आधीपासूनच होतं. अमुक माणूस कुणबी आहे याचा पुरावा कसा शोधायचा, एवढंच त्या जीआरने ठरवलं. त्यासाठी गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नेमली. बंजारा समाजाची अडचण नेमकी उलटी आहे. तुम्ही बंजारा आहात यावर कुणाचाच आक्षेप नाही, पुरावे पोतंभर निघतील. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत बंजारा हे नावच नाही. यादीत नाव नसेल तर पुराव्याने ते येत नाही.

मग यादीत नाव घालणार कोण? राज्यघटनेच्या कलम ३४२ प्रमाणे राष्ट्रपती राज्यनिहाय यादी जाहीर करतात आणि त्यानंतर बदल फक्त संसद करू शकते. हलबा-कोष्टींना हलबा या जमातीत धरून एसटी मानावं का, या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात (मिलिंद खटला, २०००) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की यादी आहे तशीच वाचायची. राज्य सरकार किंवा कोर्ट तिच्यात भर घालू शकत नाही. त्यामुळे 'कोर्टात जा' या सल्ल्यातून वकिलाच्या फीपलीकडे काही निष्पन्न होणार नाही. शिवाय जातीचा दाखला तहसीलदार देतच नाहीत, तो उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने निघतो.

'निजामाच्या काळात आपण एसटी होतो' हेही खरं नाही. अनुसूचित जमाती ही घटनेने आणलेली वर्गवारी आहे. १९५० च्या आदेशात हैदराबाद राज्याच्या यादीत आंध, भिल्ल, चेंचू, गोंड, कोलाम, कोया, परधान, थोटी अशी नावं होती, लंबाडा (तेलंगणात बंजारांना म्हणतात ते नाव) नव्हते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तेलंगणातल्या लंबाडांना एसटीचा दर्जा मिळाला तो संसदेच्या १९७६ च्या सुधारणा कायद्याने, जो २७ जुलै १९७७ पासून लागू झाला. म्हणजे तिथेही गॅझेटने नव्हे, कायद्यानेच काम झालं. कर्नाटकात तर हाच समाज अनुसूचित जातींत आहे. बिदरचा, निजामाबादचा आणि नांदेडचा बंजारा एकाच बोलीत बोलतो, एकमेकांत सोयरीक करतो, आणि तिघे तीन वर्गांत मोडतात. ही घटनेतल्या राज्यनिहाय याद्यांची खरी कमजोरी आहे आणि ती संसदेतच मांडायला हवी. निजामाबादची मुलगी किनवटला सून म्हणून आली तर तिचा तेलंगणाचा दाखला केंद्राच्या नोकरीसाठी चालतो; महाराष्ट्र सरकारच्या एसटी जागेसाठी चालत नाही.

चुकून एसटीचा दाखला हाती आलाच तरी पडताळणी समितीपुढे तो टिकणार नाही. जात पडताळणीच्या २००० च्या कायद्यातल्या कलम १० ने प्रवेश, नोकरी, मिळालेले लाभ सगळं काढून घेतलं जातं. खोटी माहिती देऊन दाखला घेतल्याचं सिद्ध झालं तर कलम ११ ने ६ महिने ते २ वर्षं कैद होऊ शकते. वर्षानुवर्षं नोकरी केली म्हणून ती वाचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलंय.

खरा रस्ता लांबचा आहे. राज्याने अभ्यासासह शिफारस करायची, ती भारताच्या महानिबंधकांकडे (जनगणना करणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाकडे) जाते, मग राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग, केंद्रीय मंत्रिमंडळ आणि शेवटी संसदेत विधेयक. महानिबंधक १९६५ च्या लोकूर समितीचे निकष लावतात: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तता, बुजरेपणा, मागासलेपण. ते दोनदा असहमत झाले तर प्रस्ताव फेटाळला जाऊ शकतो. गॅझेटचा उपयोग इथे आहे, राज्याच्या अभ्यास अहवालात आधार म्हणून. तेव्हा मोर्चात 'दाखला द्या' ऐवजी 'शिफारस पाठवा, अहवाल खुला करा' ही मागणी ठेवली तर सरकारला टोलवाटोलवी करणं अवघड जाईल.

तोवर बंजारांचा आजचा प्रवर्ग, म्हणजे विजा-अ (विमुक्त जाती-अ), सोडू नका. राज्यात ३ टक्के आरक्षण त्याच दाखल्यावर आहे, केंद्रात ओबीसीचं २७ टक्क्यांतलं. दोन्हीकडे नॉन-क्रिमिलेअर लागतं. या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा शोधा: आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद. निजामकालीन कागद उर्दूत असेल तर भाषांतर करून घेऊनच अर्जाला जोडा. आणि रजिस्टरात लेखनिकाने बंजाराऐवजी 'वंजारी' लिहून ठेवलंय का ते आधी तपासा. वंजारी हा वेगळा समाज, तो भज-ड (भटक्या जमाती-ड) मध्ये येतो, आणि या एका शब्दावरून फाइल त्रुटीत निघते. बारावीचा निकाल लागण्याआधीच जात वैधतेचा अर्ज पडायला हवा; प्रवेशाच्या धांदलीत ही दुरुस्ती वेळेत होत नाही.