सैनिकाने विचार करायचा नसतो, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘खरा सेनानी जन्मावा लागतो’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा की, नेतृत्व रक्तात असते, ते शिकवता येत नाही. शिवाजी महाराज आणि नेपोलियन कोणत्याही अकादमीत गेले नव्हते. लष्करातले अभ्यासक्रम म्हणजे बढतीसाठी मारून घ्यायचे शिक्के आहेत. आणि जवानांना नेतृत्वाचे धडे देणे तर घातकच, कारण सैनिकाचे काम हुकूम पाळण्याचे आहे, विचार करण्याचे नाही. शेवटी ‘प्रत्येक देशभक्ताने हा पुढे पाठवावा’ अशी आज्ञाही आहे. एरवी असले काही मी वाचून सोडून देतो, पण हा संदेश मला माझ्या भाच्याने पाठवला. तो पायदळात नाईक आहे, हवालदारपदासाठीच्या प्रमोशन कॅडरची, म्हणजे बढतीआधीच्या अभ्यासक्रमाची, तयारी करतो आहे, आणि संदेशाखाली त्याने विचारले होते, ‘मामा, मग आम्ही हे सगळं कशासाठी घोकतोय?’ उत्तर त्याला द्यायचे आहे, पण ज्यांनी हा मजकूर पुढे ढकलला त्यांनीही ते वाचायला हरकत नाही.

नेपोलियनचा मुद्दा लगेच निकालात निघतो. तो १७७९ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ब्रिएन येथील लष्करी शाळेत दाखल झाला, तेथून पॅरिसच्या लष्करी विद्यालयात गेला, १७८५ मध्ये तोफखान्यात अधिकारी झाला आणि त्यानंतरही ओसोन येथील तोफखाना शाळेत शिकत राहिला. अकादमीची पायरी न चढलेल्या सेनापतीचे उदाहरण म्हणून नेमके याचेच नाव सुचावे, याला काय म्हणायचे?

नेतृत्व जन्मजात असते या विधानात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करायला मी फारसा खूश नसलो तरी ते नाकारता येत नाही. एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणारे मंडळ, पाच दिवस उमेदवाराला मानसशास्त्रीय चाचण्या, गटाने करायची कामे आणि मुलाखत यांतून पारखते, म्हणजे काही गुण माणसात आधीच असावे लागतात, असे लष्करही धरून चालते. परंतु निवडलेल्या मुलाच्या खांद्यावर सहाव्या दिवशी तारे लावून त्याला पलटणीत धाडत नाहीत. एनडीएमार्गे (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) येणाऱ्याची खडकवासल्यात तीन वर्षे आणि डेहराडूनच्या आयएमएत (भारतीय सैन्य अकादमी) आणखी एक वर्ष जाते. त्यानंतर यंग ऑफिसर्स कोर्स, पुढे ज्युनिअर कमांड, सीनिअर कमांड अशी रांग लागते. केवळ रक्तावर भिस्त ठेवण्याचा प्रयोग प्रशिया या जुन्या जर्मन राज्याने करून पाहिलेला आहे. तेथील अधिकारीवर्ग बहुतांशी उमरावांचा होता. ऑक्टोबर १८०६ मध्ये येना आणि आउअरश्टेट येथे एकाच दिवशी त्या सैन्याचा धुव्वा उडाला, आणि दोन वर्षांच्या आत तेथे नियम झाला की अधिकारपद शांततेच्या काळात ज्ञान व शिक्षण पाहून आणि युद्धकाळात शौर्य व तारतम्य पाहून द्यावे, कुळ पाहून नव्हे.

आता महाराजांविषयी. सतराव्या शतकात येथे आजच्यासारखी अकादमी नव्हती, म्हणून ते अकादमीत गेले नाहीत. यातून प्रशिक्षण निरुपयोगी असल्याचे कसे सिद्ध होते, ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक. विचारायचा प्रश्न असा की, आपल्या हाताखालच्या लोकांशी महाराज कसे वागत होते? त्याचे लेखी उत्तर उपलब्ध आहे. १६७३ साली चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळातील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना त्यांनी लिहिलेले पत्र पुष्कळांनी शाळेत ऐकलेले असते, पण ते नेतृत्वाचा पाठ म्हणून क्वचितच वाचले जाते. घोडदळात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार असे, म्हणजे पत्र थेट खालच्या फळीपर्यंत गेले आहे. त्यात नुसते ‘अमुक करू नका’ असे नाही, प्रत्येक मनाईपुढे तिचे कारण आहे. दाणावैरण आताच उधळलीत तर भर पावसात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी, आणि गांजलेली रयत तुम्हाला मोगलांहून वाईट समजेल. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत हे समजावणे चालते. जो राजा हवालदाराला दिव्याच्या वातीमागचे कारणसुद्धा सांगतो, त्याचे नाव पुढे करून ‘जवानाने विचार करू नये’ असे सांगणे हा अडाणीपणा तर आहेच, पण त्या नावाचा अवमानही आहे.

आणि हाच मुद्दा या संदेशातला सर्वांत विषारी आहे. लष्करात हुकूम पाळावाच लागतो, याविषयी वाद नाही. पण हुकूम दिला कसा जातो, हे या लेखकाने कधी पाहिलेले दिसत नाही. सँड मॉडेलभोवती, म्हणजे जमिनीच्या मातीतल्या नमुन्याभोवती, सेक्शन कमांडर (सर्वांत लहान तुकड्यांचे प्रमुख) उभे असतात, मातीत टेकड्या आणि नाले उठवलेले असतात, आणि हुकूम ठरलेल्या क्रमाने येतो: खबर, मकसद (उद्देश), तरीका (पद्धत), प्रशासन, कमांड आणि सिग्नल. मकसदाला स्वतंत्र जागा आहे, कारण गोळीबार सुरू झाल्यावर ठरवलेला तरीका मोडू शकतो आणि तेव्हा हाती उरतो तो मकसदच. तो ज्याला कळलेला नाही, तो माणूस तरीका मोडताच जागच्या जागी थबकतो. कोणाचे बरेवाईट झाले तर कमान कोणाकडे जाईल, हेही आधीच सांगितलेले असते. आणि शेवटी विचारतात, ‘कोई शक?’ विचार करण्याची मनाई असती तर हा प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते.

शंका न विचारल्याची किंमत काय असते, ते २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हाला, ब्रिटिश आणि रशियन सैन्यांच्या लढाईत, दिसले. उंचावर उभ्या असलेल्या ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनने शत्रू तोफा घेऊन चालला आहे, तो रोखावा, असा लेखी हुकूम घोडदळाला पाठवला. कोणत्या तोफा, हे त्याला टेकडीवरून स्वच्छ दिसत होते. खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन याला दिसत नव्हते. निरोप आणणाऱ्या कॅप्टन नोलनने नुसता हात हवेत फिरवला. समोर आणि दोन्ही बाजूंना शत्रू आहे, हे लुकनच्या हाताखालच्या लॉर्ड कार्डिगनने त्याच्या कानावर घातले, पण रॅग्लनची इच्छा म्हणून ते दोघेही गप्प बसले आणि सुमारे ६७० स्वार भलत्याच तोफांच्या तोंडी गेले. संदेशातला आदर्श सैनिक तो हाच. जाता जाता एवढेही सांगतो की त्या ब्रिटिश सैन्यात घोडदळातली आणि पायदळातली अधिकारपदे पैसे मोजून विकत घेता येत, आणि ही पद्धत १८७१ मध्ये बंद झाली.

कायदाही संदेशाच्या बाजूने नाही. आपल्या १९५० च्या लष्कर अधिनियमातील कलम ४१ वरिष्ठाची अवज्ञा हा गुन्हा ठरवते, पण तो हुकूम कायदेशीर असला पाहिजे, ही अट त्याच कलमात आहे. म्हणजे बेकायदेशीर हुकूम ओळखण्याइतका विचार साध्या शिपायाकडूनही अपेक्षित आहे, आणि तो विचार आयत्या वेळी आकाशातून पडत नाही.

नेतृत्व फक्त अधिकाऱ्यांनी करायचे असते, असेही त्यात ध्वनित केले आहे. भाच्याने यासाठी आपल्याच हुद्द्याच्या माणसाकडे पाहावे. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी जम्मू-काश्मीरमधील नौशेराजवळ तैंधार येथे पुढच्या चौकीवर नऊ जण होते आणि त्यांचा प्रमुख नाईक जदुनाथ सिंह होता. पहिल्या हल्ल्यात चार जण जखमी झाले, तेव्हा त्याने उरलेल्यांची मांडणी नव्याने केली; दुसऱ्या हल्ल्यात ब्रेनगन चालवणारा जवान जायबंदी झाला, तेव्हा स्वतःचा हात जखमी असताना त्याने ती गन हाती घेतली; तिसऱ्या वेळी तो एकटाच स्टेनगन घेऊन चालून गेला आणि तेथेच पडला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शेवटच्या धावेचे वर्णन सगळे करतात, पण मला महत्त्वाची वाटते ती पहिल्या आणि दुसऱ्या हल्ल्यामधली फेरमांडणी, कारण ते काम नुसत्या शौर्याचे नाही, ते शिकलेल्या माणसाचे आहे.

राहिले शिक्के. होय, कोर्सचे गुण बढतीत मोजले जातात, आणि मागच्या तुकडीची उत्तरे पुढच्या तुकडीकडे पोहोचतात. लष्करात त्याला ‘पीसीके’ (प्रीव्हियस कोर्स नॉलेज) असे राजरोस नाव आहे. असली तयार उत्तरे घोकून पास होणारे आहेत, हे कबूल. पण तक्रार करायचीच तर कोर्स बंद करण्याची कशाला? अभ्यासात दरवेळी तीच जमीन, तोच शत्रू आणि तेच उत्तर असेल, तर प्रशिक्षकाने प्रसंग बदलावा, हल्ला अर्ध्यावर आला असताना सेक्शन कमांडरला जायबंदी ठरवून बाजूला बसवावे, आणि मागे उभ्या असलेल्या लान्सनायकाला पुढचा हुकूम द्यायला सांगावे.