पंगत कुणाची?

आपण देव न मानणाऱ्यांनी कॅथलिकांशी (पोपला मानणाऱ्या ख्रिश्चनांशी) दोस्ती करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, असं एका लेखात वाचलं; लेखकाचं हे म्हणणं मला काही पटलं नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची हिंसक संघटना काळ्यांसोबत ज्यू अन् कॅथलिकांच्याही मागं लागली होती. १९६५ ला कॅथलिक चर्चच्या धर्मगुरूंच्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांतलं खरं अन् पवित्र आम्ही नाकारत नाही, असं लिहून दिलं. (गर्भपात, घटस्फोट निघाला की मात्र कॅथलिकही कट्टरांच्याच पंगतीला बसतात, तिथं आपलं जमायचं नाही.) मी जालन्याचा, बौद्ध घरातला, देव न मानणारा. पण आदिवासींसाठी भांडणारे फादर स्टॅन स्वामी जेसुइटच, म्हणजे कॅथलिकांच्याच एका धर्मसंघाचे, होते ना? ८४ व्या वर्षी, जामिनाची वाट बघत, ५ जुलै २०२१ ला गेले. त्यांना परकं म्हणायला माझी तर जीभ रेटत नाही, भाऊ.