छापील रिपोर्टसोबत फिल्म आणि सीडीपण न्या

माझी गर्भपिशवी जन्मापासूनच वेगळी आहे, हे आता मी बिनधास्त सांगते, आणि म्हणूनच इनबॉक्समध्ये "ताई माझ्यापण रिपोर्टमध्ये असंच आलंय, डॉक्टरांना काय विचारू" असं इतक्या जणी विचारतात की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

माझं स्पष्ट मत आहे, रिपोर्टवरचं नाव गूगलवर टाकून रात्रभर रडत बसू नका, आधी ते नाव कशावरून दिलंय ते विचारा, आणि डॉक्टरांना ते स्वतः बघता यावं म्हणून छापील रिपोर्टसोबत फिल्म आणि सीडीपण न्या. साध्या सोनोग्राफीत दोन पोकळ्या दिसल्या की बऱ्याचदा 'बायकॉर्न्युएट' (म्हणजे पिशवीच वरून दोन भागांत विभागलेली) लिहून मोकळे होतात, माझंही तेच झालं होतं. पण पिशवी एकच आणि आत नुसता पडदा असला, म्हणजे सेप्टेट, तरी आतून तसंच दिसतं! खरा फरक बाहेरून असतो, पिशवीच्या माथ्याला खोल खाच असेल तर बायकॉर्न्युएट, माथा बाहेरून नॉर्मल असेल तर सेप्टेट. एचएसजीत, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढतात त्या एक्स-रेत, फक्त आतली पोकळी दिसते, त्यावरून हे ठरत नाही, थ्रीडी सोनोग्राफी नाहीतर एमआरआय लागतो. एवढं लांबण यासाठी लावलं की बायकॉर्न्युएटला सहसा हात लावत नाहीत आणि पडदा मात्र दुर्बिणीतून कापता येतो. आता कापायचा की नाही यावर डॉक्टरांमध्येच वाद आहेत, 2021 च्या एका ट्रायलमध्ये कापून मूल होण्याचं प्रमाण काही वाढलेलं दिसलं नाही, अर्थात ट्रायल छोटी होती, 80 बायकांची. त्यामुळे ऑपरेशनची तारीख द्यायच्या आधी "माझ्या केसमध्ये नक्की फायदा काय" हे विचाराच, डॉक्टर चिडले तर चिडू देत.

"पाळी रेग्युलर आहे ना, मग ठीक" यावर मान डोलवून उठू नका. दोन भाग असतील आणि एका बाजूचा रस्ता बंद असेल तरी दुसऱ्या बाजूने पाळी येतच राहते, बंद बाजूला रक्त साठतं आणि दुखणं महिन्यागणिक वाढत जातं. कुठल्या बाजूला दुखतं, कधी सुरू होतं, लिहून न्या. टॅम्पॉन घालूनही बाजूने गळतंय? तेही सांगा, योनीमार्गातही पडदा असू शकतो.

किडनीचं कोणीच विचारत नाही याचा मला राग येतो. पिशवी आणि किडन्या आईच्या पोटात एकाच सुमारास तयार होतात म्हणून अशा मुलींमध्ये कधीकधी एक किडनी नसते, सोनोग्राफीवाल्यांना जरा वर बघायला सांगा की! अंडाशय वेगळीकडून तयार होतात, ते बहुतेक वेळा व्यवस्थित असतात. (आणि आयांनो, तुम्ही तेव्हा काय खाल्लंत त्याने हे झालेलं नाही.)

थ्रीडी करायची ठरलीच तर पाळी संपल्यासंपल्याची तारीख घेऊ नका, पुढच्या पाळीच्या आधीच्या आठवड्यातली घ्या, तेव्हा अस्तर जाड असतं आणि आतला आकार नीट दिसतो.