लिंबू-सोड्याचा पेला आणि आत्याची गोळी

"किडनीचा कॅन्सर चौथ्या टप्प्यावरही २१ दिवसांत बरा होतो," असा संदेश गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला. रोज उपाशीपोटी लिंबाच्या रसात दोन चमचे खायचा सोडा घ्यावा, त्याने रक्त अल्कधर्मी होऊन कर्करोग मरतो, हे सिद्ध केल्याबद्दल ऑटो वारबुर्ग यांना नोबेल मिळाले, केमोचा काही उपयोग नसतो आणि रडणाऱ्या रुग्णाचा आजार दुप्पट वेगाने वाढतो, असा त्यातला मजकूर होता. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. पण रविवारी आत्याकडे गेले, तर तिच्या ओट्यावर फेसाळलेला पेला होता आणि त्याला लागूनच पाझोपानिब या तिच्या कर्करोगावरच्या गोळ्यांची डबी.

आत्याची डावी किडनी कर्करोगामुळे तीन वर्षांपूर्वी काढली आणि आता आजार फुप्फुसांत पोहोचला आहे. पाझोपानिब जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर किमान दोन तासांनी घ्यायची असते. जठरातले आम्ल कमी झाले की ही गोळी रक्तात कमी उतरते. म्हणूनच आम्लपित्तावरची औषधे शक्यतो टाळावीत आणि अँटासिड घ्यावेच लागले, तर गोळीत आणि त्यात काही तासांचे अंतर ठेवावे, असे तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले आहे. खायचा सोडा हे अँटासिडच आहे, आणि दोन चमचे सोडा एका लिंबाच्या रसाने पुरता निष्प्रभ होत नाही; उरलेला जठरातच जातो. म्हणजे ज्या गोळीवर आत्याचा सगळा भरवसा आहे, तिचीच ताकद कमी करणारी वस्तू हा संदेश तिला नेमकी गोळीच्या वेळेला प्यायला सांगत होता.

शिवाय चमचाभर सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. ती मर्यादा येथे एका पेल्यातच ओलांडली जाते. पाझोपानिबमुळे मुळातच रक्तदाब वाढतो, म्हणून आत्या तो रोज वहीत लिहून ठेवते. त्या आठवड्यातले आकडे चढलेले होते. ते सोड्यामुळेच चढले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण एकाच किडनीवर जगणाऱ्या बाईवर असा प्रयोग करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क पातळी) ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान राखण्याचे काम फुप्फुसे आणि किडन्या करतात. आहाराने फार तर लघवीचा सामू बदलतो. वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल श्वसनाशी संबंधित विकरावरील (एन्झाइमवरील) कामासाठी मिळाले, सोड्याने कर्करोग मारल्याबद्दल नव्हे.

केमोविषयीचे विधान मात्र अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. नेहमीच्या केमोथेरपीला किडनीचा कर्करोग फारसा दाद देत नाही. पण त्यावरून औषधच नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे रुग्णाची आशा हिरावून घेणे आहे. २००५-०६ पासून लक्ष्यवेधी गोळ्या आल्या (पाझोपानिब त्यांपैकीच), २०१५ पासून नव्या पिढीची इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार आले. १,०९६ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची दोन औषधे एकत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. हे उपचार महाग आहेत आणि सर्वांना लागू पडत नाहीत, तरीही "चौथा टप्पा म्हणजे शेवट" हे वाक्य आता कुणी सरसकट उच्चारू नये.

मला सर्वात अधिक चीड आली ती रडण्याच्या मुद्द्याची. डोके व मानेचा कर्करोग असलेल्या १,०९३ रुग्णांच्या २००७ सालच्या अभ्यासात मनःस्थितीचा आणि आयुर्मानाचा संबंध आढळला नाही. तो कर्करोग वेगळा आहे हे खरे, पण अश्रूंनी गाठ वाढते याला कसलाही आधार नाही. संदेश वाचल्यापासून आत्या रात्री तोंडात पदर धरून रडत होती, कारण आपल्या रडण्यानेच आजार पसरेल अशी भीती तिच्या मनात बसली होती. तिला हे समजावून सांगितल्यावर ती माझ्यासमोर बराच वेळ मोकळेपणाने रडली आणि मग तिने स्वतःहून विचारले, की दुखणे आणि थकवा यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आत्ताच भेटता येईल का. जरूर येईल, ती सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसते, उपचार सुरू असतानाही घेता येते.

ज्या काकांनी संदेश पाठवला त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. काका, पुढच्या महिन्यात आत्याला स्कॅनसाठी मिरजेला जायचे आहे. तिला गाडी लागेल, आणि दवाखान्याच्या बाकावर दिवसभर शेजारी बसणारे कुणीतरी लागेल.