वाढवायच्या बाटल्या ढीगभर, उतरवायची एकही नाही

साडेचौदा! माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन किटचे थेंब मोजत होते. आठ झाले, दहा झाले, बारा झाले, पाणी आपलं निळंच. दुप्पट पाणी घेऊन परत मोजलं तेव्हा 29 व्या थेंबाला कुठे पिवळं झालं. पाणी दुप्पट म्हणून थेंबांचे निम्मे, म्हणजे 14.5 डीकेएच. डीकेएच हे अल्कलिनिटीचं माप, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद किती ते. खऱ्या समुद्राची अल्कलिनिटी 7 च्या आसपास असते हो. फोंड्यात, माझ्या हॉलमध्ये, समुद्राहून दुप्पट!

आणि हे पाप कुणाचं? माझंच. पण शिकवलं कुणी?

जूनमध्ये पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे घराच्या खिडक्या ज्या बंद होतात त्या चवथीपर्यंत. टँकचा पीएच 8.2 चा 7.8 झाला. घाबरून दुकानदाराला फोन केला. "मॅडम, बफर घाला. काही होत नाही." बफर म्हणजे पीएच आणि अल्कलिनिटी वाढवणारा सोडा. घातला. दोन दिवस पीएच वर, तिसऱ्या दिवशी परत 7.8. "अजून घाला." मी घातला. महिनाभर घालत राहिले, आणि त्या महिन्यात अल्कलिनिटी मोजायची अक्कल मला झाली नाही. त्याने तरी एकदा विचारायचं ना, "केएच किती आहे?" बाटली विकणारा कशाला विचारेल म्हणा.

खरा प्रकार काय होता? बंद घरात पाच माणसं, दिवसभर गॅस, आणि सगळ्यांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात. त्याने पीएच खाली येतो, अल्कलिनिटीला तो हातही लावत नाही. मला हे कळलं एका ग्लासामुळे. टँकचं पाणी ग्लासात घेतलं, बाल्कनीत ठेवलं, हवेचे बुडबुडे काढणारा एअर स्टोन सोडला. तासाभरात 8.1! बफरचा एक कणही न घालता! म्हणजे गरज होती खिडकीची आणि मी ओतत होते सोडा.

दरम्यान टँकमध्ये पाणी परत ढकलणारा रिटर्न पंप अडकला. उघडला तर इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांवर, पांढरी पापडी, गिझरच्या कॉइलवर बसते तशी. कॅल्शियम 420 वरून 380 वर आलेलं. ते गेलं कुठे, तर पंपावर चुना होऊन बसलं. झोआ, म्हणजे टँकमधले छोटे कोरल, चार दिवस मिटून बसलेले. क्लाउन माशांची जोडी मात्र मजेत, त्यांना कसलं सुतक नाही.

आता उतरवायचं कसं? मग काय, सल्ल्यांचा पाऊस. शेजारचे काका म्हणाले, "बाथरूमचं अॅसिड घाल थोडं." काका, तुम्ही माझे मासे मारायला निघालात की बाथरूम धुवायला? अॅसिडने अल्कलिनिटी उतरते, खोटं नाही, पण पीएच असा धाडकन पडतो की सकाळी टँकमध्ये बघायला काही उरत नाही. भाचा म्हणतो, "मिरामारच्या समुद्राचं पाणी आण ना, फुकट." अरे, जुलैत मांडवीचा सगळा गढूळ पूर तिथे येतो, त्या पाण्यात मीठ किती आणि चिखल किती?

शेवटी शहाण्या माणसासारखं पाणी बदललं. 200 लिटरच्या टँकमधलं 40 लिटर. आरओचं पाणी भरायला सकाळ गेली, टँकसाठीचं दीड किलो सॉल्ट गेलं, कंबर गेली. मोजलं तर 14! अर्धा अंश! असं कसं? तर हे कोरलसाठीचं महागडं रीफ सॉल्टच 12 डीकेएचचं. पुडीवर बारीक अक्षरात छापलंय. म्हणजे मी 14.5 मध्ये 12 ओतून 8 व्हायची वाट बघत होते. सातवीच्या गणितात नापास झाले असते. साधं 8 वालं सॉल्ट घेतलं असतं तर तेवढ्याच पाण्यात 13.2 तरी झालं असतं.

आणि सासूबाई. मी बादल्या वाहतेय आणि त्या सोफ्यावरून, "अगो, एवढं करून त्या माशांचं हुमण तरी होणार काय?"

आता मी काही घालत नाही. शून्य. टँकमध्ये आहेत ते झोआ, मश्रूम आणि लेदर असे कोरल, त्यांचा अल्कलिनिटीचा खप तो किती, दिवसाला एक दशांशही नसेल. मधून मधून 8 वाल्या सॉल्टने थोडं थोडं पाणी बदलायचं, एकदम खाली आणायचं नाही, कारण कोरलला चढलेल्या आकड्यापेक्षा उडी जास्त झोंबते. आज सकाळी 13. परवाही 13 च होतं. हा सगळा वैताग एका खिडकीपायी! ती मी आता रोज उघडी ठेवते. पडदा भिजलाय, सोफ्याच्या पाठीला बुरशी आलीय, पण पीएच 8.1 आहे.

रात्री मात्र ती खिडकी कुणीतरी गुपचूप लावून टाकतं. कोण ते मला पक्कं माहीत आहे.