तीन वर्षांच्या अटीवर भांडण्याआधी पिंपाचा हिशेब बघा

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या आणि ठाण्या-वाशीच्या गप्पांत व्हिस्की एकदम राष्ट्रीय प्रश्न झाली. करारात स्कॉचवरची १५० टक्के जकात आधी ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. एक गट म्हणतो, स्वस्त स्कॉच देशी मालाला झोपवणार. दुसरा म्हणतो, तीन वर्षं पिंपात मुरल्याशिवाय व्हिस्की म्हणू द्यायचं नाही ही ब्रिटनची अट गोऱ्यांचा कावा आहे; आपल्या उकाड्यात जे एका वर्षात मुरतं त्याला त्यांच्या थंडीत तीन वर्षं लागतात.

स्वस्ताईचं आधी उरकू. जकात केंद्राची. न्हावा-शेव्याला उतरलेल्या बाटलीवर पुढे राज्याचं उत्पादन शुल्क आणि विक्रेत्यांचं कमिशन चढतंच. जकात निम्मी झाली म्हणून नौपाड्यातल्या वाइन शॉपमधली किंमत निम्मी होत नाही.

तीन वर्षांचा मुद्दा मात्र खरा आहे. ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनुसार स्कॉच व्हिस्की धान्याचीच हवी आणि जास्तीत जास्त ७०० लिटरच्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली हवी. स्कॉटलंडमध्ये पिंपातला साधारण २ टक्के माल वर्षाला हवेत उडतो, बंगळुरूसारख्या ठिकाणी १० टक्के किंवा त्याहूनही जास्त. २०० लिटरच्या पिंपात तीन वर्षांनी स्कॉटलंडमध्ये १८८ लिटर उरतं, बंगळुरूत १४६. बारा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये १५७ आणि बंगळुरूत जेमतेम ५६. त्यामुळे देशी उत्पादक कुरकुरतात ते उगाच नाही.

पण ‘आपलं एक म्हणजे त्यांची तीन’ हे गणित चुकीचं आहे. उष्णतेने लाकडातला रंग, व्हॅनिला आणि कडवटपणा झपाट्याने उतरतो. कच्च्या स्पिरिटचा गंधकासारखा उग्र वास त्याच वेगाने जातोच असं नाही. नवीन, लहान पिंप घेतलं की दीड-दोन वर्षांत ओकचा काढा तयार, आणि आतलं स्पिरिट अजून कच्चंच. उपाय माहीत आहेत: आधी वापरलेली पिंपं घ्यायची, मोठी घ्यायची, गोदामातली गरम जागा टाळायची. त्यात दमट हवेचा वेगळा त्रास. कोरड्या गोदामात पाणी आधी उडतं आणि तीव्रता वाढते. दमट गोदामात अल्कोहोल आधी उडतं आणि तीव्रता उतरते. कोकण पट्टीत पावसाळाभर हेच होणार. ४० टक्क्यांच्या खाली घसरलेला माल व्हिस्की म्हणून युरोपात विकता येत नाही.

या प्रश्नाला सगळ्यात उपयोगी उत्तर स्कॉटलंडच्या थंडीत सापडणार नव्हतं. दमट हवा आणि गरम उन्हाळा असलेल्या तैवानच्या यीलानमध्ये कावालान या व्हिस्कीची भट्टी आहे. तिथे स्कॉटिश रसायनतज्ज्ञ जिम स्वॉन यांनी वाइनची जुनी पिंपं आतून तासून, शेकून, पुन्हा जाळून वापरायची पद्धत रुजवली. तासल्याने आंबूस झालेला वाइनचा थर जातो, शेकल्याने लाकडातली साखर वर येते, जाळलेला कोळसा उग्र वास शोषतो. नंतर इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स आणि स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या किलहोमन या भट्ट्यांनीही अशी पिंपं वापरली. गरम देशातली गोष्ट थंड देशाने उचलली, आणि कुणाची शान गेली नाही.

जपानचं उदाहरण आपल्याला जास्त टोचायला हवं. जपानी व्हिस्कीचा पाया घालणारे मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला शिकायला गेले आणि १९२३ मध्ये यामाझाकीच्या भट्टीचं काम सुरू झालं. स्कॉटलंडमध्ये प्रतिस्पर्धी कंपन्याही ब्लेंडसाठी, म्हणजे मिश्र व्हिस्कीसाठी, एकमेकांशी मालाची अदलाबदल करतात. जपानमध्ये ती सवय नव्हती, म्हणून एकाच आवारात वेगवेगळ्या आकाराचे स्टिल (गाळायची भांडी) बसवून दहा तऱ्हांचा माल काढायला ते शिकले. पण बाहेरची व्हिस्की आणून ‘जपानी’ म्हणून विकण्याचा धंदाही तिथे चालायचा. अखेर तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनेच २०२१ मध्ये नियम केले: गाळणं आणि मुरवणं जपानमध्येच, तेही किमान तीन वर्षं. जुन्या मालासाठी मार्च २०२४ पर्यंत सवलत दिली.

आपण नेमकं हेच टाळतोय. भारतात खपणाऱ्या बहुतेक व्हिस्कीत मुख्य भाग न मुरवलेल्या स्पिरिटचा असतो, पुष्कळदा मळीपासून काढलेल्या, आणि वर थोडं माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की. स्पिरिट मळीचं की धान्याचं, माल्ट किती टक्के, ते देशी की आयात केलेलं, एवढं लेबलवर छापा आणि मग तीन वर्षांवर खुशाल भांडा. स्कॉचवाल्यांनीही फार सोवळं नेसू नये; कॅरमेलचा रंग घालतात आणि ब्रिटनमध्ये तो लेबलवर सांगावा लागत नाही.

वाद जिभेवर सोडवायचा असेल तर पाच ग्लास मांडा: अमेरिकेची बर्बन, आयर्लंडची पॉट स्टिल व्हिस्की, स्कॉच माल्ट, भारतीय माल्ट आणि रोजची देशी ब्लेंड. नावं झाकून, प्रत्येकी १५ मिली. धुराच्या वासाची असेल ती शेवटी. तीव्रता सारखी करायलाच हवी, नाहीतर जी कडक तीच ‘भारी’ ठरते. ४६ टक्केवालीत ८ मिली पाणी आणि ४२.८ वालीत साडेसहा मिली घातलं की दोन्ही ३० टक्क्यांवर येतात. मोजायला केमिस्टकडची १० मिलीची सिरिंज पुरते. मे महिन्यात ३३ अंशांवरच्या ग्लासातून नुसतं अल्कोहोल नाकात जातं, म्हणून एसी लावून खोली २२-२४ अंशांवर आणा. उदबत्ती नको, आणि लसणीची चटणी, मसाला शेंगदाणे सगळं झाल्यावर. ४६ टक्केवाली पाणी किंवा बर्फ घातल्यावर गढूळ झाली तर ‘डुप्लिकेट माल’ म्हणून ओरडू नका. थंड करून गाळलेली नसल्याने तिच्यातले तेलकट घटक दिसतात, एवढंच. मग नावं उघडण्याआधी प्रत्येकाने एकच प्रश्न लिहून सोडवायचा: यातल्या कुठल्या ग्लासात धान्याचा वास येतो?